सन्माननीय गिऱ्हाईक

वुल्व्हरहॅम्प्टनच्या ट्रॅन्टरसाहेबांना जुगाराचा नाद नव्हता. नाद असता तर ग्वेनबाईंनी तो केव्हाच सोडवला असता. त्यांनी नवऱ्याचा पाइप सोडवला होता, मिशी सोडवली होती. पण ट्रॅन्टरसाहेबांचा झाला होता अपमान, आणि भरल्या बसमध्ये झालेल्या अपमानावर अजून कुठल्या दवाखान्यात गोळी मिळत नाही.

झालं असं. शहराच्या कडेला पालिकेच्या जमिनीवर भाजीचे वाफे आहेत. ज्यांच्या घरामागे अंगण नाही, किंवा अंगण आहे पण घरात फार वेळ बसवत नाही, अशी माणसं तिथे कोबी आणि वाटाणा लावतात. या वाफेवाल्यांचं एक मंडळ आहे आणि लायनेल ट्रॅन्टर त्याचे वर्षानुवर्षांचे अध्यक्ष. जानेवारीत जमीन दगड होते, फावडं उड्या मारायला लागतं, तेव्हा मंडळाची सहल निघते. यंदा ती गावातल्याच रेसकोर्सवर, संध्याकाळच्या शर्यतींना निघाली.

ट्रॅन्टरसाहेबांनी आयुष्यभर एका विमा कंपनीत नुकसानीचे अंदाज बांधले होते. छप्पर उडण्याआधी ते किती लांब उडेल हे सांगणारा माणूस! त्यांनी दोन दिवस पेपर वाचून घोडे निवडले. त्यातला एक शेवटचा आला, एक शेवटून दुसरा, आणि एक तर, हिंगलीच्या म्हणण्याप्रमाणे, अजून येतोच आहे. होरेस हिंगली हा निवृत्त खाटीक. ज्या जॉकीचा सदरा आपल्या स्वयंपाकघरातल्या पडद्यासारखा दिसेल त्याच्यावर पैसे लावायचे, एवढीच त्याची विद्या. त्याचे तीन घोडे लागले.

परतताना हिंगलीनं बसमध्ये सगळ्यांदेखत ट्रॅन्टरसाहेबांच्या मांडीवर फिश अँड चिप्सचं गरम पुडकं ठेवलं.

"खा रे लायनेल. अभ्यास करून दमला असशील."

सगळी बस हसली. ट्रॅन्टरसाहेब उठून उभे राहिले. त्याच वेळी ड्रायव्हरनं वळण घेतल्यामुळे ते पुन्हा बसले, पण पुन्हा उठले.

"वसंत यायच्या आत," ते म्हणाले, "तुम्हा सगळ्यांसमोर, शास्त्रशुद्ध पद्धतीनं निवडलेला घोडा मी जिंकवून दाखवीन. नाहीतर अध्यक्षपद सोडीन."

हिंगली गेली कित्येक वर्षं त्या पदाकडे, मांजर मासेवाल्याकडे बघतं तसा बघत होता. तो हळूच म्हणाला, "सगळ्यांनी ऐकलं ना?"

घरी पोचेपर्यंत ट्रॅन्टरसाहेबांचा सिद्धान्त तयार होता. गवतावरच्या शर्यतींचा काही भरवसा नाही, पावसाची एक सर आली की चिखल होतो आणि हुशार घोडाही गाढव ठरतो. पण हे मैदान ऑल-वेदर. वाळू, मेण आणि कसले कसले धागे यांचं मिश्रण. पाऊस असो, बर्फ असो, जमीन काल होती तशीच आज. घोडे तेच, जॉकी तेच, दर आठवड्याला पुन्हा पुन्हा तेच.

"सांग ना ग्वेन, यात नशिबाला जागाच कुठे उरते?"

"घोड्यात उरत असेल," ग्वेनबाई म्हणाल्या आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावरून टेबलक्लॉथ गेला आणि तिथे रव्याचं लंबगोल मैदान अवतरलं. त्यावर डब्यातले बीन्स हे घोडे. वळणं अरुंद आहेत, त्यामुळे आतल्या बाजूच्या फाटकातून सुटणाऱ्या घोड्याला कमी पळावं लागतं, हे सिद्ध करण्यासाठी ट्रॅन्टरसाहेब बीन्स बोटानं ढकलत तासन्‌तास बसत. रविवारी ग्वेनबाईंची बहीण जेवायला आली. तिला दुसऱ्या वळणापाशी बसवलं. तिनं मीठ समजून मैदानाचा शेवटचा टप्पा चिमटीत घेतला आणि बटाट्यावर टाकला, तेव्हा ट्रॅन्टरसाहेब असे ओरडले की ती अजून पुन्हा जेवायला आलेली नाही.

पद्धत अशी ठरली की प्रत्येक घोड्याला पाच विषय: अलीकडची कामगिरी, सुटण्याचं फाटक, पाठीवरचं वजन, अंतर आणि विश्रांतीचे दिवस. शंभरपैकी गुण. पहिला येईल त्यावर पैसे. शाळेत गणितात पहिला आलेला मुलगा पळण्यातही पहिला येतो का, असा प्रश्न ग्वेनबाईंनी विचारला. पण त्या आयुष्यभर शाळेच्या कचेरीत होत्या, त्यामुळे त्यांना सगळीकडे मुलंच दिसतात, असं म्हणून तो बाद ठरला.

पैसे लावायचे तर फोनवर खातं उघडायला हवं होतं. इथे ट्रॅन्टरसाहेबांना कळलं की ते अस्तित्वातच नाहीत. सट्टेवाल्या कंपनीनं घराच्या पत्त्याचा पुरावा मागितला. गॅसचं बिल ग्वेनबाईंच्या नावावर. पाण्याचं, विजेचं, फोनचं, सगळं ग्वेनबाईंच्या नावावर. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्या नावावर फक्त एका वाचनालयाचा दंड आहे, हा शोध त्यांना फार लागला. मग कंपनी म्हणाली, पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरून फोटो पाठवा. पासपोर्टवर मिशी होती, चेहऱ्यावर नव्हती. कंपनीनं कळवलं की फोटोतल्या दोन गृहस्थांपैकी नेमकं कोणाला खातं हवंय ते स्पष्ट करावं.

"मिशी वाढव," हिंगलीनं वाफ्यांच्या कुंपणावरून सल्ला दिला.

"कंपनीतल्या कुणाशी तरी बोलायचं आहे," ट्रॅन्टरसाहेबांनी टाइप केलं.

"मी ऑली! मी मदत करू का?" असं उत्तर आलं. ऑली म्हणजे यंत्र होतं. त्यानं चार वेळा मदत केली आणि चारही वेळा शेवटी विचारलं, "आपण समाधानी आहात का?"

एकदा एका बाईचं घर जळालं होतं, तेव्हा याच ट्रॅन्टरसाहेबांनी तिच्याकडे जळालेल्या सोफ्याची मूळ पावती मागितली होती. ग्वेनबाईंना ते आठवलं. चहा ढवळताना त्या एकट्याच हसल्या. शेवटी पालिकेच्या कराचा एक कागद सापडला, त्यावर दोघांचीही नावं होती, आणि ट्रॅन्टरसाहेब अधिकृतपणे जन्माला आले.

त्यानंतर ते हरू लागले.

थोडेथोडेच हरले, हे सांगायला हवं. माणूस जपून पैसे लावणारा. पण हरण्यात खंड नव्हता. शंभरपैकी एक्याण्णव गुण मिळवलेला घोडा फाटकात शिरायलाच तयार होईना. चार माणसांनी मागून ढकललं तरी नाही. दुसरा सगळ्यांच्या पुढे असताना दिव्याच्या खांबावर बसलेला समुद्रपक्षी बघायला थांबला. एकदा सगळं जुळून आलं, घोडा, फाटक, वजन, जॉकी, आणि धुक्यामुळे शर्यतीच रद्द झाल्या.

"ऑल-वेदर ना रे?" हिंगलीनं विचारलं.

"जमीन ऑल-वेदर आहे," ट्रॅन्टरसाहेब कडाडले. "दिसणं नाही!"

या सुमारास शेजारच्या पिनकबाई यात पडल्या. डेल्फीन पिनक या निवृत्त परिचारिका. मूळ जमेकाच्या, चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. जुगार हे पाप, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं हे पाप इतकं मन लावून केलं होतं की त्यांना त्यातलं सगळं कळत होतं.

"मिस्टर ट्रॅन्टर, तुमच्या भल्यासाठी मी रोज प्रार्थना करते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? घोडा किती पळू शकतो हे तुम्ही बघता. ट्रेनरला आज तो पळवायचाय का, हे कोण बघणार?"

"म्हणजे?"

"घोडा हरत गेला की शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून त्याच्या पाठीवरचं वजन कमी करतात ना? मग काही लोक त्याला मुद्दाम चार वेळा चुकीच्या अंतराला पळवतात. वजन उतरलं की पाचव्यांदा जिंकायला सोडतात. परमेश्वर त्यांना क्षमा करो. माझ्या नवऱ्यानं एकदा असाच एक ओळखला होता, आम्ही त्यावर फ्रिज घेतला."

हे ऐकून ट्रॅन्टरसाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात होतं ते सगळं दिसेनासं झालं. आता हरलेला प्रत्येक घोडा त्यांना हरलेला वाटेना. तो तयारी करत होता. सातवा आला म्हणजे लबाडी. शेवटचा आला म्हणजे फारच खोल डाव. फेब्रुवारी संपता संपता ते निव्वळ रडक्या, लंगड्या, म्हाताऱ्या घोड्यांवर पैसे लावत होते, आणि ते घोडे अत्यंत प्रामाणिकपणे हरत होते.

मंडळाची माणसं आता त्यांच्याशी हळू आवाजात बोलत. कुणी खत मागायला आलं तरी आधी, "बरे आहात ना?" असं विचारी. हिंगलीनं मंडळाच्या पडवीतली अध्यक्षांची खुर्ची एकदा बसून पाहिली, डुगडुगते म्हणाला आणि तिच्या पायाखाली स्वखर्चानं लाकडाची चकती बसवली.

आणि अशा वेळी तो फोन आला.

"मिस्टर ट्रॅन्टर? मी व्हेरिटी बोलतेय." आवाज मधासारखा होता, आणि कंपनी तीच, सट्टेवाली. "तुम्ही आमचे खास गिऱ्हाईक आहात. शनिवारच्या शर्यतींना रेसकोर्सवर आमची खासगी गॅलरी आहे. जेवण आमच्याकडून. तुमच्यासोबत आणखी तिघंजण चालतील. तुमच्यासारखी माणसं असली की आम्हाला बरं वाटतं."

ट्रॅन्टरसाहेबांनी फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. शेवटी ओळखलं तर! गावाला नाही कळलं, मंडळाला नाही कळलं, पण धंद्यातल्या माणसांना कळलं की समोर कोण आहे.

"लायनेल," ग्वेनबाई सावधपणे म्हणाल्या, "दुकानदार बिस्कीट कुठल्या गिऱ्हाइकाला देतो?"

"चांगल्या!"

"हं. त्याच्या दृष्टीनं चांगल्या."

पण ते टाय शोधायला गेले होते. त्यांनी हिंगलीला आणि पिनकबाईंना आमंत्रण दिलं आणि जाहीर केलं की पैजेचा निकाल तिथेच लागेल.

गॅलरीत उबदार होतं, गालिचा होता. कोळंबी बर्फावर मांडली होती. प्रत्येकाच्या छातीला सोनेरी बिल्ला. व्हेरिटी म्हणजे पांढऱ्या कोटातली एक उंच तरुणी. तिनं ट्रॅन्टरसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. आणि माणसं तरी कशी! एक दातांचे डॉक्टर होते, फेअरक्लफ नावाचे, त्यांनी सगळी फाटकं वाऱ्याच्या दिशेनुसार मांडली होती. एक माजी मुख्याध्यापक घोड्यांच्या पावलांची लांबी मोजत. एक विधवा बाई घोड्याच्या नावावर लोलक धरत, पण तोही पद्धतशीर. ट्रॅन्टरसाहेबांचे डोळे भरून आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना मध्येच न तोडता वळणांबद्दल बोलू देत होतं.

"आणि साधारण," त्यांनी फेअरक्लफना मोकळेपणानं विचारलं, "जिंकता किती?"

आजूबाजूचे चार काटे-चमचे थबकले.

"जिंकतो?" डॉक्टर म्हणाले. "अहो, जिंकलो असतो तर इथे आलो असतो का? माझा मेहुणा तीन आठवडे जिंकला, त्याचं खातं आवळून टाकलं. चहाच्या कपाएवढंसुद्धा लावू देत नाहीत त्याला. जिंकणाऱ्याला कोळंबी नसते, मिस्टर ट्रॅन्टर. इथे येतो तो हरणारा. नियमित, न चुकता, न कुरकुरता. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

ट्रॅन्टरसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे हिंगली उभा होता. हातात कोळंबी, तोंड उघडं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

आता हा काय बोलणार, ते ट्रॅन्टरसाहेबांना शब्दशः माहीत होतं. बसमधलं ते हसू पुन्हा त्यांच्या कानाशी आलं. त्यांनी सोनेरी बिल्ल्यावर हात ठेवला. तो काढावा की झाकावा हेच कळेना.

हिंगलीनं कोळंबी खाली ठेवली. हात रुमालाला पुसले.

"मुख्य शर्यतीत कोण रे तुझा?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"कशाला विचारतोस?"

"लावणार आहे."

"पडदे बघून लाव की."

"पडदे राहू देत. अभ्यासही राहू दे. मी घोड्यावर नाही, तुझ्यावर लावतोय, गाढवा."

तेवढ्यात व्हेरिटीनं पेल्यावर चमचा वाजवला. दर शनिवारी नव्या पाहुण्यानं मुख्य शर्यतीचा आपला घोडा सांगायचा, असा गॅलरीचा रिवाज होता. नव्या पाहुण्याच्या नादानं जुने पाहुणे जास्त हरतात, हे त्या रिवाजामागचं कारण. तिनं ध्वनिक्षेपक ट्रॅन्टरसाहेबांच्या हातात दिला.

हिंगलीच्या त्या वाक्यानं असेल, त्यांच्या पाठीचा कणा पुन्हा जागेवर आला होता. ते बोलले आणि झकास बोलले. रडक्या घोड्यांचा नाद सोडून ते आज आपल्या मूळ पाच विषयांवर परत आले होते. आतलं फाटक, उतरलेलं वजन, पुरेशी विश्रांती. लोलकवाल्या बाईंनी लोलक पिशवीत ठेवला.

"घोड्याचं नाव मी घेणार नाही," त्यांनी शेवट केला. "नाव घेतलं की भावना येतात. मी आकडा सांगतो. चार!"

आता शर्यतीतल्या घोड्याला दोन आकडे असतात. एक खोगिराखालच्या कापडावर छापलेला, त्या आकड्यावर पैसे लावतात. दुसरा तो ज्या फाटकातून सुटणार त्याचा. ट्रॅन्टरसाहेबांचा लाडका घोडा होता सोबर बिशप. त्याच्या कापडावर आकडा नऊ. फाटक मात्र चौथं, आणि दोन महिने रव्यात बोटं घालून बसलेल्या माणसाच्या डोक्यात फाटकाशिवाय दुसरा आकडा उरलाच नव्हता.

कापडावर चार असलेली घोडी होती पुडिंग लेडी. भाव चाळीसला एक, म्हणजे जिंकली तर एका पौंडाला चाळीस. वर्षभरात तिनं एकच गोष्ट जिंकली होती, ती म्हणजे सगळ्यांची सहानुभूती.

"चार नंबर!" व्हेरिटी आनंदानं म्हणाली आणि सगळ्यांचे पैसे स्वतः फिरून फिरून घेतले. डॉक्टरांनी भरघोस लावले. मुख्याध्यापकांनी लावले. हिंगलीनं खिसा उलटा केला. पिनकबाईंनी, जुगार म्हणून नव्हे तर शेजारधर्म म्हणून, एक नोट काढली. "तुमचेही चारवरच ना, मिस्टर ट्रॅन्टर?"

"अर्थात चार!"

घोडे फाटकात शिरले. ग्वेनबाई शर्यतीचा छापील कागद नाकाजवळ धरून वाचत होत्या. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

"लायनेल, तुझा तो बिशप नऊ नंबरचा आहे ना रे?"

ट्रॅन्टरसाहेबांनी कागद पाहिला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग आधी कोळंबीसारखा झाला, मग त्याखालच्या बर्फासारखा.

"एक मिनिट!" ते ओरडले. "सगळ्यांनी एक मिनिट—"

फाटकं उघडली.

पुडिंग लेडी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. का, ते तिलाच ठाऊक. कदाचित शेजारच्या फाटकात काही खडखडलं आणि ती दचकली असेल. दचकल्यावर ती आतल्या कठड्याला चिकटली, पुढे पळणाऱ्याच्या तोंडावर वाळू उडत नाही, म्हणून खूश झाली असेल. मागचे जॉकी हसत होते. ही आत्ता दमेल म्हणून सगळे एकमेकांकडे बघत थांबले. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण गेलं. गॅलरीत डॉक्टर खुर्चीवर चढले. पिनकबाई परमेश्वराचं नाव घेत होत्या, पण चर्चमध्ये घेतात त्या स्वरात नव्हे. सोबर बिशप आपल्या नावाला जागून सर्वांत मागून, गंभीरपणे, कुणाच्याही अध्यातमध्यात न येता चालला होता. ट्रॅन्टरसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते हवेत होते. हिंगलीनं त्यांना, पूर्वी अख्खा बकरा उचलत असे तसं, खांद्यावर घेतलं होतं.

"लागली! चाळीसला एक! लायनेल, अरे राक्षसा!"

मुख्याध्यापक रडत होते. लोलकवाल्या बाईंनी डॉक्टरांचा मुका घेतला. फक्त व्हेरिटी भिंतीपाशी उभी राहून फोनवर कुणाचं तरी ऐकून घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुणी तरी काढून न्यायला विसरल्यासारखं तसंच राहिलं होतं. थोड्या वेळानं कोळंबीची परात उचलून नेण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मध संपला होता. "मिस्टर ट्रॅन्टर, आम्ही तुमचं खातं बंद करतोय. तुमच्यासारख्या जाणकार माणसाशी व्यवहार करणं कंपनीला परवडणारं नाही."

"पुन्हा सांगाल का?" ट्रॅन्टरसाहेब म्हणाले. "थांबा, फोनचा स्पीकर लावतो, घरात सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

बातमी दुपारपर्यंत वाफ्यांवर पोचली. कंपनीनं हाकललं! इतका हुशार की घाबरून हाकललं! लोकांनी फावडी टाकून टाळ्या वाजवल्या. फेअरक्लफ डॉक्टरांनी कुठून तरी नंबर मिळवून दोनदा फोन केला. हिंगलीनं पडवीतली खुर्ची स्वतः पुसली आणि अध्यक्षांना हाताला धरून तीत बसवलं.

मग तो समोर उलट्या बादलीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लायनेल, आता खरं सांग. त्या घोडीत तू पाहिलंस तरी काय? मी जनावरं ओळखण्यात जन्म घालवला. मला तिच्यात शिजवण्याजोगंसुद्धा काही दिसलं नसतं."

ट्रॅन्टरसाहेबांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं त्यांच्या अगदी ओठावर होतं. ग्वेनबाई चार पावलांवर कोबी कापत होत्या. त्यांचा हात थांबला. कुंपणापाशी सगळं मंडळ गोळा झालं होतं, माना पुढे काढून.

"हे बघ होरेस," ट्रॅन्टरसाहेब म्हणाले आणि खाकरले. "सगळे काय बघतात? भाव बघतात. मी मात्र म्हटलं, चाळीसला एक हा भाव तिला कुणी दिला, आणि का? तिच्या मागच्या शर्यती घे. अंतर चुकीचं. फाटक बाहेरचं..."

त्यांचा आवाज आधी जरा चाचरत होता. मग स्थिर झाला. घोडीच्या आईकडच्या घराण्यापर्यंत ते पोचले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं, आणि हिंगली मान डोलवत होता.

ग्वेनबाईंनी कोबी टोपलीत टाकला आणि त्या घरी निघाल्या. वाफ्यांच्या फाटकाशी पिनकबाई भेटल्या, धापा टाकत येत होत्या.

"सुरू झालं का? काय सांगताहेत?"

"शास्त्र," ग्वेनबाई म्हणाल्या.

"खरं आहे का ते?"

ग्वेनबाईंनी मागे वळून पडवीकडे पाहिलं. ट्रॅन्टरसाहेब आता उभे राहून, दोन्ही हातांनी वळण दाखवत होते.

"सकाळी नव्हतं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत होईल."